मान 'कट्कन' मोडली की अर्धशिशी जाते का? व्हिडिओ बघून मान देण्याआधी हे वाचा

गेल्या श्रावणातली गोष्ट. रात्रीची जेवणं उरकली आणि आमची सौ. मोबाईल घेऊन माझ्यापुढे आली. "अहो, हे बघा. हिचं डोकं आठ वर्षं दुखत होतं म्हणे. डॉक्टरनं मान धरली, कट्कन केलं अन् बाई रडायलाच लागली, इतकं हलकं वाटलं. मला न्या की एकदा."

मी व्हिडिओ बघितला. पांढऱ्या कोटातला एक माणूस, पलंगावर उताणी झोपलेली बाई, मानेजवळ लावलेला माइक. मान एकीकडे वळवली, झटका दिला, काडी मोडल्यासारखा आवाज आला. खाली हजारो लाइक. सौ.ला बारा वर्षांपासून अर्धशिशी आहे. महिन्यात सहा-सात दिवस ती खोलीत अंधार करून, डोक्याला फडकं करकचून बांधून पडते. सुंठेचा लेप झाला, नाकात तुपाचे थेंब झाले, दृष्ट काढून झाली. मेडिकलवरच्या गोळ्या तर किती झाल्या त्याचा हिशोब नाही. त्यामुळे ती "न्या" म्हणाली त्यात तिची चूक काहीच नव्हती.

शहरातल्या एका सेंटरला फोन लावला. एका वेळचे दोन हजार, आणि किमान बारा वेळा यावं लागेल, असं तिकडून सांगितलं. येण्या-जाण्याचं भाडं वेगळं. म्हणजे सोयाबीनच्या चार-पाच पोत्यांचा प्रश्न. पैसे एकवेळ उभे करता येतात, पण मान एकच आहे. म्हणून आधी नीट माहिती काढायची ठरवली. डॉक्टरांशी बोललो, फिजिओथेरपिस्टशी बोललो, झालेल्या अभ्यासांचं वाचून काढलं. जे हाती लागलं ते आपल्या तालुक्यातल्या वाचकांसाठी साध्या भाषेत मांडतो.

हे कायरोप्रॅक्टिक आलं कुठून?

व्हिडिओतल्या उपचाराला कायरोप्रॅक्टिक म्हणतात. शब्द ग्रीक भाषेतून बनवलेला आहे, अर्थ साधारण 'हाताने केलेलं काम'. त्याची सुरुवात १८९५ साली अमेरिकेतल्या आयोवा राज्यात डेव्हनपोर्ट या गावी झाली. डी. डी. पामर नावाचा गृहस्थ तिथे चुंबकीय उपचार करायचा. त्याच इमारतीत साफसफाईचं काम करणाऱ्या हार्वी लिलार्ड यांना कमी ऐकू यायचं. पामरने त्यांच्या पाठीचा एक मणका दाबून 'जागेवर बसवला' आणि त्यांना ऐकू यायला लागलं, असा पामरचा दावा होता. त्यावरून त्याने सिद्धांत मांडला की जवळजवळ सगळे आजार मणका सरकल्याने, शीर दबल्याने होतात.

यातली अडचण लगेच लक्षात येते. ऐकण्याची नस कानातून कवटीच्या आतूनच थेट मेंदूत जाते, ती पाठीच्या मणक्यांतून जातच नाही. पण पामरने १८९७ मध्ये शाळा काढली आणि पद्धत पसरली. आज अमेरिकेत सगळ्या राज्यांत कायरोप्रॅक्टरला परवाना लागतो, त्यासाठी अनेक वर्षांचं शिक्षण घ्यावं लागतं. तिथले बरेच कायरोप्रॅक्टर आता पामरचा जुना सिद्धांत तसाच मानत नाहीत, कंबर आणि मानेच्या दुखण्यापुरतं काम करतात.

आपल्याकडे चित्र वेगळं आहे. डॉक्टरांची परिषद आहे, महाराष्ट्रात फिजिओथेरपिस्टची परिषद आहे, तिथे नोंदणी तपासता येते. कायरोप्रॅक्टिकसाठी मात्र आपल्या देशात अशी स्वतंत्र सरकारी परिषद नाही. त्यामुळे पाटीवर 'कायरो' लिहिलेला माणूस परदेशात पाच वर्षं शिकून आलेला असू शकतो, आणि चार दिवसांचं शिबिर करून आलेलाही असू शकतो. पाटी बघून ते कळत नाही.

तो 'कट्' आवाज कशाचा?

आपल्याला वाटतं, सरकलेलं हाड जागेवर बसलं म्हणून आवाज आला. तसं नसतं. दोन हाडांच्या सांध्यात थोडं तेलकट पाणी असतं. सांधा झटकन ताणला की आतला दाब कमी होतो आणि त्या पाण्यात वायूची पोकळी तयार होते. आवाज त्याचा असतो. २०१५ साली कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठात बोटं मोडताना एमआरआय काढून हे प्रत्यक्ष बघितलं गेलं. आपण कडाकडा बोटं मोडतो तोच हा प्रकार, फक्त मानेचा.

आवाजानंतर हलकं वाटतं हे खरं आहे. स्नायू काही वेळ सैल पडतात, मान थोडी जास्त वळते. पण आवाज मोठा आला म्हणजे उपचार मोठा झाला, असा हिशोब नाही. माइक लावतात तो व्हिडिओ चालण्यासाठी.

डोकेदुखी एक नसते

इथे खरी गोम आहे. आपण सगळ्याला 'डोकं दुखतंय' म्हणतो, पण प्रकार वेगवेगळे आहेत आणि उपाय त्यावर ठरतो. आपल्याकडे जास्त दिसणारे तीन सांगतो.

पहिली ताणाची डोकेदुखी. डोक्याभोवती पट्टा आवळल्यासारखं वाटतं, दोन्ही बाजूंनी. काम करता येतं, उलटी होत नाही. काळजी, जागरण, सतत मोबाईल, ही नेहमीची कारणं.

दुसरी मानेतून उठणारी. ही एका बाजूने मानेत सुरू होते आणि मागून वर, कधी डोळ्यापर्यंत चढते. मान वळवली की वाढते, मान वळतेही कमी. गाडीवरून पडलेले, मानेचे सांधे झिजलेले, यांच्यात ही आढळते. खरी मानेची डोकेदुखी असणाऱ्यांची संख्या त्या मानाने कमी असते.

तिसरी अर्धशिशी, म्हणजे मायग्रेन. बहुतेकदा अर्धं डोकं ठणकतं, घण मारल्यासारखं. मळमळतं, उलटी होते, उजेड आणि आवाज सहन होत नाही. चाललं, वाकलं की वाढतं. औषध न घेतल्यास चार तासांपासून तीन दिवसांपर्यंत टिकतं. काहींना आधी डोळ्यांपुढे चमकणाऱ्या नागमोडी रेषा दिसतात किंवा हाताला मुंग्या येतात. जगात साधारण सात माणसांमागे एकाला हा त्रास आहे आणि बायकांमध्ये पुरुषांच्या दुप्पट-तिप्पट आहे. म्हणजे आपल्या प्रत्येक वाडी-वस्तीवर अर्धशिशीचे पेशंट आहेत, फक्त बायका बोलत नाहीत आणि घरचे "नाटक करते" म्हणतात. अर्धशिशी हा मेंदूतल्या मज्जातंतूंचा खरा आजार आहे, बऱ्याचदा घराण्यात चालत येतो. आईला असला तर लेकीला असण्याची शक्यता जास्त.

मग अर्धशिशीत मान का दुखते?

सौ. म्हणाली, "पण माझी मान पण धरते ना!" बरोबर आहे. अर्धशिशीच्या बहुतेक पेशंटची मान दुखते किंवा आखडते. त्यामुळे 'मानेत गॅप आहे', 'सर्व्हायकल आहे', 'शीर दबली' असं कुणी म्हटलं की पटतं.

कारण असं आहे. चेहऱ्याच्या आणि डोक्याच्या संवेदना नेणारी नस आणि मानेच्या वरच्या भागाच्या नसा, या दोन्ही आत एकाच ठिकाणी येऊन मिळतात. दोन शेतांचे पाट एकाच हौदात यावेत तसं. हौद भरून वाहायला लागला की पाणी कुठल्या पाटाचं ते सांगता येत नाही. अर्धशिशीचा अटॅक सुरू झाला की मेंदूला मानेतही दुखल्यासारखं कळतं. म्हणजे अशा वेळी मानेचं दुखणं हा आजाराचा भाग असतो, मूळ कारण नसतं. मानेचा एक्स-रे काढला तर चाळिशीनंतर थोडी झीज बहुतेकांना दिसते, डोकं दुखत नसलेल्यांनाही. त्यावरून अर्धशिशी मानेची ठरत नाही.

तपासून बघितलं तेव्हा काय निघालं?

शेतकऱ्याला हे समजावणं सोपं आहे. नवीन औषध आलं की आपण काय करतो? एका पट्ट्यात औषध फवारतो, दुसऱ्यात नुसतं पाणी, तिसरा तसाच ठेवतो. मग बघतो फरक पडला का.

नॉर्वेतल्या संशोधकांनी अर्धशिशीच्या १०४ पेशंटवर अगदी असंच केलं. निकाल २०१७ साली छापून आला. एका गटाला बारा आठवड्यांत बारा वेळा खरे कायरोप्रॅक्टिक झटके दिले. दुसऱ्या गटाला खोटे, म्हणजे मणक्याला धक्का न लावता खांद्याजवळ आणि मागे दाबल्यासारखं केलं. तिसरा गट आपली नेहमीची औषधं घेत राहिला. आपल्याला खरे मिळाले की खोटे, हे पेशंटला माहीत नव्हतं.

अर्धशिशीचे दिवस सुरुवातीला तिन्ही गटांत कमी झाले. खऱ्या आणि खोट्या झटक्यांच्या गटांना पुढे वर्षभर फायदा टिकला, पण त्या दोघांत फरक निघाला नाही. म्हणजे पाणी फवारलेला पट्टा औषधाच्या पट्ट्याइतकाच हिरवा. संशोधकांनी स्वतःच लिहिलं की फायदा झाला तो बहुधा विश्वासाचा, कुणीतरी हात लावून लक्ष दिल्याचा आहे.

कुणी म्हणेल, "फरक पडल्याशी मतलब." त्यातही थोडं तथ्य आहे. पण मग तोच आधार बिनधोक आणि बिनखर्चाच्या मार्गानेही मिळू शकतो, त्यासाठी मान पिरगाळायची गरज नाही.

आणखी एक गंमत बघा. अर्धशिशीचा अटॅक आपोआपही तीन दिवसांत उतरतो. माणूस उपाय शोधायला जातो ते त्रास सगळ्यात जास्त झाल्यावर. त्यानंतर उतार पडणारच असतो. मग शेवटी जे केलं त्याला श्रेय जातं, मग तो झटका असो, लेप असो की दोरा.

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. मानेतून उठणाऱ्या डोकेदुखीत हाताच्या उपचारांचा उपयोग होतो असं काही अभ्यासांत दिसलं आहे. ऑस्ट्रेलियात अशा २०० पेशंटवर अभ्यास झाला, तो २००२ साली छापून आला. त्यात फिजिओथेरपिस्टनी मानेचे सांधे हाताने मोकळे करणं आणि मानेचे ठरावीक व्यायाम, दोन्हींनी डोकेदुखी कमी झाली आणि फायदा वर्षभर टिकला. नुसत्या व्यायामाचा फायदाही हाताच्या उपचाराच्या तोडीचा होता. म्हणजे दुखणं खरंच मानेचं असेल तर मानेवर काम करण्यात अर्थ आहे. पण ते मानेचं आहे का, हे ठरवणारा माणूस हवा.

धोका काय आहे?

मानेत सात मणके. वरच्या सहा मणक्यांना दोन्ही बाजूंना भोकं असतात आणि त्या भोकांतून दोन रक्तवाहिन्या मेंदूच्या मागच्या भागाकडे रक्त घेऊन जातात. सगळ्यात वरच्या मणक्याजवळ त्या वळसा घेऊन कवटीत शिरतात. मान एकदम पिरगाळली की या वळणावर ताण येतो. ठिबकची नळी वळणावर जोरात पिळली तर आतून चिरते, तसं कधीकधी रक्तवाहिनीचं आतलं अस्तर फाटतं. तिथे रक्ताची गुठळी होते. ती सुटून मेंदूत गेली की पक्षाघात, म्हणजे लकवा. तो तिथल्या तिथे येऊ शकतो किंवा काही तासांनी, दिवसांनी. त्यामुळे बऱ्याचदा मान मोडल्याचा संबंध कुणाच्या लक्षातही येत नाही.

अमेरिकेत २०१६ साली केटी मे नावाच्या ३४ वर्षांच्या मॉडेलचा असाच मृत्यू झाला. मान दुखते म्हणून ती कायरोप्रॅक्टरकडे गेली होती. मानेला दिलेल्या झटक्याने रक्तवाहिनी फाटली, अशी नोंद लॉस एंजेलिसच्या सरकारी शवचिकित्सा विभागाने केली.

हे वारंवार होतं असं मी म्हणणार नाही. हे दुर्मिळ आहे. कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतातल्या नऊ वर्षांच्या नोंदी तपासून २००८ साली एक अभ्यास आला. त्यात दिसलं की अशा पक्षाघाताआधी लोक जसे कायरोप्रॅक्टरकडे गेले होते तसेच साध्या डॉक्टरकडेही गेले होते. म्हणजे काही जणांची रक्तवाहिनी आधीच फाटलेली असते, मान आणि डोकं दुखतं म्हणून ते जातात. पण हे वाचून धोका कमी वाटत असेल तर जरा थांबा. आधीच चिरलेल्या नळीला पीळ दिला तर काय होईल? २०१४ साली अमेरिकन हार्ट असोसिएशनने सांगितलं की मानेच्या झटक्यांचा आणि रक्तवाहिनी फाटण्याचा संबंध दिसतो, कारण तोच की नाही हे पक्कं सिद्ध नसलं तरी पेशंटला आधी कल्पना दिलीच पाहिजे. आपल्याकडच्या व्हिडिओत अशी कल्पना देताना मी कुणाला पाहिलं नाही.

आणि आपलं सलून?

आता स्वतःचं सांगतो. मी वीस वर्षं दाढी-कटिंग झाली की मान मोडून घेत होतो. डोक्याची मालिश, मग हनुवटीला हात, इकडे कट्, तिकडे कट्. वर दहा रुपये जास्त. न्हावी दादा आपलेच, त्यांचा हेतू चांगलाच असतो, गिऱ्हाईकच मागतं म्हणून ते करतात. पण मानेच्या आत काय आहे ते त्यांना कुणी शिकवलेलं नसतं.

२०२४ मध्ये शेजारच्या कर्नाटकातल्या बळ्ळारीत सलूनमध्ये मान मोडून घेतल्यावर तीस वर्षांच्या एका तरुणाला पक्षाघात झाल्याची बातमी सगळीकडे आली. वेळेत उपचार मिळाले म्हणून तो सावरला. २०१७ मध्ये दिल्लीकडे एका माणसाची मान सलूनमध्ये मोडल्यावर श्वासाचा पडदा हलवणारी नस दुखावली आणि त्याला श्वास घ्यायला त्रास सुरू झाला. २०२२ मध्ये हैदराबादला पार्लरमध्ये मान मागे टाकून केस धुताना एका बाईला पक्षाघात झाला.

लाखो लोक मान मोडून घेतात, त्यातल्या फार थोड्यांना असं होतं. पण ज्याला होतं त्याचं आख्खं घर बसतं. मी माझ्या न्हावी दादांना सांगून टाकलं, "मालिश करा, मान वळवू नका." त्यांनीही ऐकलं. आता ते इतरांनाही नको म्हणतात.

मानेसाठी कुणाकडे जायचं?

डोक्यावर हंडा, गवताचा भारा, पाठीवर फवारणीचा पंप, रात्री उशीशी मोबाईल. आपल्या माना दुखणारच. त्यासाठी आधी डॉक्टर आणि मग फिजिओथेरपिस्ट हा रस्ता चांगला. जिल्हा रुग्णालयात फिजिओथेरपीचा विभाग असतो. महाराष्ट्रात आरोग्य विभागाच्या सरकारी दवाखान्यांतले उपचार १५ ऑगस्ट २०२३ पासून मोफत आहेत.

तरीही कुणाला कायरोप्रॅक्टरकडे जायचंच असेल तर आधी हे प्रश्न विचारा:

- तुमचं शिक्षण काय, किती वर्षांचं, नोंदणी कुठली? नंबर दाखवा.
- माझी डोकेदुखी कुठल्या प्रकारची आहे, ते कशावरून ठरवलं?
- मान झटका न देता उपचार होईल का?
- धोका काय आहे?
- किती वेळात फरक पडला नाही तर तुम्ही थांबाल?

बारा-चोवीस वेळांचे पैसे आधीच भरायला सांगितले किंवा "गोळ्या आजच बंद करा" म्हटलं, तर उठून यायचं.

हाडं ठिसूळ झालेले म्हातारे, संधिवाताचे पेशंट, रक्त पातळ होण्याची गोळी घेणारे, पूर्वी पक्षाघात झालेले, नुकतेच पडलेले, मान वळवली की चक्कर येणारे, यांनी मानेला झटका अजिबात देऊ देऊ नये.

अर्धशिशीवर खरा उपाय काय?

आम्ही शेवटी तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात गेलो. डॉक्टरांनी बीपी बघितला, डोळे बघितले, हातापायातली ताकद बघितली आणि बरेच प्रश्न विचारले. मग म्हणाले, "ताई, महिन्यात किती दिवस गोळी घेता?" सौ.ने बोटांवर मोजलं. अठरा.

तिथेच निम्मं उत्तर मिळालं. साधी दुखण्याची गोळी महिन्यात पंधरा दिवस किंवा जास्त, आणि मिश्र किंवा अर्धशिशीची खास गोळी दहा दिवस किंवा जास्त, असं तीन महिन्यांवर चाललं तर गोळीमुळेच डोकं दुखायला लागतं. गोळी उतरली की दुखतं, दुखलं की गोळी. मेडिकलवरून परस्पर गोळ्या आणणाऱ्यांना हे कुणी सांगत नाही.

डॉक्टरांनी सांगितलेल्या गोष्टी अशा:

नोंद ठेवा. आमच्या भिंतीवरच्या कालनिर्णयवर सौ. दुखलेल्या दिवशी फुली मारते, गोळी घेतली तर शेजारी गोल. पाळी, उपवास, जागरण, ऊन, हेही लिहिते. दोन महिन्यांत कळलं की एकादशीचा कडक उपवास आणि भर उन्हात वेचणी, या दोन्हीनंतर अटॅक ठरलेला.

वेळ पाळा. जेवण, झोप, पाणी वेळेवर. उपवास असला तरी पोट रिकामं ठेवू नका. उन्हात डोक्याला रुमाल आणि जवळ पाण्याची बाटली.

गोळी लवकर, पण मोजून. अटॅक सुरू होतानाच डॉक्टरांनी दिलेली गोळी घेतली तर काम करते. ठणका चढल्यावर उशीर होतो. त्याने भागलं नाही तर अर्धशिशीची खास औषधं आहेत, ट्रिप्टान नावाची. हृदयविकार असलेल्यांना ती चालत नाहीत, म्हणून डॉक्टरला विचारूनच.

अटॅक वाढू नयेत म्हणून रोजची गोळी. महिन्यात चार-पाच किंवा जास्त दिवस जात असतील तर प्रोप्रॅनोलॉल, अमिट्रिप्टिलिन, फ्लुनारिझिन यांसारखी औषधं काही महिने रोज देतात. यातली बरीच जुनी आणि स्वस्त आहेत. पण दमा असणाऱ्याला प्रोप्रॅनोलॉल चालत नाही, गरोदर बाईला काही औषधं चालत नाहीत. म्हणून शेजारणीची गोळी आपण घ्यायची नाही.

बायकांसाठी एक महत्त्वाचं. अटॅकआधी डोळ्यांपुढे चमकणाऱ्या रेषा दिसत असतील तर माला-एन सारख्या गर्भनिरोधक गोळ्या घेण्याआधी डॉक्टरला किंवा आशाताईंना हे नक्की सांगा. अशा बायकांमध्ये त्या गोळ्यांनी पक्षाघाताचा धोका वाढतो. दुसरे पर्याय आहेत.

ही डोकेदुखी घरी ठेवायची नाही

खालीलपैकी काहीही असलं तर लेप नको, मालिश नको, कायरो नको. १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीने दवाखाना गाठा:

- वीज पडावी तसं अचानक, आयुष्यात कधी नव्हतं इतकं डोकं दुखलं.
- तोंड वाकडं झालं, एक हात-पाय लुळा पडला, बोलणं अडखळलं, एकाएकी तोल गेला किंवा दोन-दोन दिसायला लागलं.
- ताप आणि मान ताठ.
- डोक्याला मार लागल्यावर डोकेदुखी, उलट्या, गुंगी.
- झटके आले, शुद्ध हरपली.
- पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेली किंवा दिवसेंदिवस वाढत जाणारी डोकेदुखी.
- गरोदरपणात किंवा बाळंतपणानंतर जोराची डोकेदुखी.
- मान मोडल्यानंतर किंवा मानेला हिसका बसल्यानंतर नवीनच प्रकारचं मान-डोकं दुखणं, चक्कर.

पक्षाघातात गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. देवऋषीकडे गेलेला एक तास परत मिळत नाही.

आणि फवारणीचे दिवस असतील तर हेही ध्यानात ठेवा. फवारणीनंतर डोकं दुखून मळमळ, तोंडाला लाळ, घाम, अंधुक दिसणं असेल तर ती अर्धशिशी समजू नका, ती विषबाधा असू शकते. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात काय झालं ते आपण विसरलेलो नाही. कपडे बदला, अंग साबणाने धुवा, औषधाचा डबा सोबत घेऊन दवाखान्यात जा.

आता घरी काय परिस्थिती आहे?

चमत्कार झाला नाही, हे आधीच सांगतो. पहिले दोन-तीन आठवडे तर वाईट गेले. गोळ्या कमी केल्या तसं दुखणं उलट वाढलं आणि सौ. माझ्यावर चिडली. पण डॉक्टरांनी तसं होईल हे आधी सांगून ठेवलं होतं, म्हणून ती टिकली. रात्रीची एक छोटी गोळी सुरू आहे. कालनिर्णयवर पूर्वी महिन्याला सहा-सात फुल्या असायच्या, गेल्या महिन्यात दोन होत्या. त्या दोन दिवशी ती पडूनच होती. पण बाकीचे दिवस तिचे आहेत.

मानेसाठी तिला फिजिओथेरपिस्टने चार व्यायाम दिलेत. सकाळी चहा उकळेपर्यंत होतात. मीही करतो.

परवा पुन्हा तसलाच एक व्हिडिओ आला. कट्कन आवाज, रडणारी बाई, हजारो लाइक. सौ.ने बघितला आणि म्हणाली, "हिला कुणीतरी विचारा, गोळ्या किती दिवस घेते."

मंडळी, घरात कुणी महिन्या-महिन्याला डोकं धरून पडत असेल तर तिला नाटकी म्हणू नका आणि तिची मान कुणाच्याही हातात देऊ नका. कॅलेंडरवर फुल्या मारायला सुरुवात करा आणि एक-दोन महिन्यांनी ते कॅलेंडर घेऊन जवळच्या सरकारी दवाखान्यात जा. दवाखाना लांब असेल तर ई-संजीवनीवर मोबाईलवरून डॉक्टरशी मोफत बोलता येतं. आशाताई किंवा उपकेंद्रातले आरोग्य अधिकारी त्यासाठी मदत करतात. व्हिडिओ बघायचा तो मोबाईल तेवढ्यासाठी वापरला तरी बरंच काम होईल.